बोलणे तुटत कसे नाही?

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एस.टी.त तुमच्यापैकी पुष्कळजण बसले असतील. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे पडत जातात. आपल्या पुढच्या बाकावरचे एक चाचा लोह्याला फोन कानाला लावतात आणि अहमदपूर येईपर्यंत बोलत राहतात. लातूरच्या दवाखान्यात त्यांचा माणूस आहे. रक्त मिळाले का, डॉक्टर काय म्हणाले, पैसे किती लागतील, हे सारे ते विचारत असतात. बस धावते आहे, रस्त्याकडेचे टॉवर एकामागून एक मागे जात आहेत. पण चाचांचे बोलणे तुटत नाही. मध्येच एखादे वेळी थोडी खरखर होते, एखादा शब्द गिळला जातो आणि पुन्हा आवाज स्वच्छ येतो.

या एवढ्या वेळात चाचांचा फोन किती वेळा एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे सोपवला गेला असेल? समजा टॉवर सरासरी पाच किलोमीटरवर आहेत आणि बस ताशी साठ किलोमीटर वेगाने जाते आहे. म्हणजे दर पाच मिनिटांनी एक बदल. शिवाय एकाच टॉवरच्या हद्दीत असतानाही त्यांचे बोलणे एका लहरीवरून उचलून दुसऱ्या लहरीवर ठेवले गेले असेल, ते वेगळेच. चाचांना याचा पत्ताही नाही. हे कोण करते, आणि मुळात असे बदल का करावे लागतात, ते आपण पाहू या.

मोबाइल फोनला तार नसते. आपला आवाज अंकांच्या रूपात रेडिओ लहरींवर स्वार होऊन टॉवरपर्यंत जातो. उर्दूत आपण लाटेला 'मौज' म्हणतो. मराठीत मात्र मौज म्हणजे गंमत. लाटेला लाट किंवा लहर म्हणतात. ही लहर एका सेकंदात किती वेळा वर-खाली होते, त्या संख्येला वारंवारता असे नाव आहे. ती हर्ट्झ या एककात मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांच्या नावावरून हे एकक आले. टूजी म्हणून ओळखले जाणारे मोबाइल फोन ज्या पट्ट्यात प्रथम चालू झाले, तो ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे नव्वद कोटी आंदोलने! अशा एका लाटेची लांबी सुमारे तेहतीस सेंटीमीटर भरते. तुमच्या कंपासपेटीशेजारच्या मोठ्या पट्टीपेक्षा जरा जास्त.

ठरावीक वारंवारतेची एक अरुंद पट्टी बोलण्यासाठी राखून ठेवली, की तिला वाहिनी म्हणतात. (वाहिनी आणि वहिनी यांत गल्लत करू नका. एक आवाज वाहून नेते, दुसरी आपली भाभी.) खरे तर प्रत्येक वाहिनी ही जोडी असते. फोनकडून टॉवरकडे जाणारी लहर वेगळी आणि टॉवरकडून फोनकडे येणारी वेगळी. म्हणूनच कधी कधी असे होते, की समोरच्याचे आपल्याला स्वच्छ ऐकू येते आणि तो मात्र 'हॅलो, हॅलो' करत राहतो. त्या वेळी जाणारी लहर बिघडलेली असते, येणारी ठीक असते.

आता व्यत्यय म्हणजे काय ते समजून घेऊ. घरात जुना रेडिओ असेल तर रात्री मध्यम लहरींवर काटा फिरवून पाहा. दिवसा जे केंद्र एकटेच ऐकू येते, त्याच्या मागे रात्री कुठले तरी दूरचे केंद्र बोलू लागते. रात्री या लहरी आकाशातील विद्युतभारित थरावरून परत फिरतात आणि फार लांबवर पोहोचतात. दोन केंद्रांची वारंवारता एकच असली, की रेडिओला कोणते ऐकावे हे कळत नाही. तो दोन्ही एकदम ऐकवतो. यालाच व्यत्यय म्हणतात.

माझ्या लहानपणी काही घरांत कॉर्डलेस फोन आले होते. तारेच्या फोनला जोडलेली एक पेटी आणि हातात घेऊन अंगणापर्यंत फिरता येईल असा बिनतारी रिसीव्हर. सुरुवातीच्या अशा फोनना एकच ठरलेली वाहिनी असे. गल्लीत दोन घरी सारख्याच वाहिनीचे फोन आले, की इकडच्या घरात तिकडच्या लग्नाची बोलणी ऐकू येत! पुढे अशा फोनवर वाहिनी बदलण्याचे बटण आले. खरखर झाली, की बटण दाबायचे. त्यानंतरचे फोन आणखी शहाणे निघाले. ते बोलणे सुरू करण्याआधी स्वतःच सगळ्या वाहिन्या तपासतात आणि रिकामी असेल ती घेतात. मोबाइलने हेच काम अतिशय वेगाने आणि लाखो लोकांसाठी करून दाखवले.

पण मोबाइलपुढची अडचण फार मोठी होती. ९०० मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात एकूण १२४ वाहिन्या मावतात. त्या वेगवेगळ्या कंपन्यांत आणि इतर कामांसाठी वाटल्या जातात. भारतात १९९५ साली मोबाइल सेवा सुरू झाली. त्या वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला फोन केला. त्या काळच्या परवान्यांत एका कंपनीला सुरुवातीला दोन्ही दिशांना ४.४ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मिळत असे. एका वाहिनीला ०.२ मेगाहर्ट्झ लागतात. भागाकार करा: अवघ्या २२ वाहिन्या! एका वाहिनीवर आठजण आळीपाळीने बोलू शकतात. पाळी इतकी झरझर फिरते, की प्रत्येकाला वाटते वाहिनी आपलीच आहे. तरी २२ गुणिले ८ म्हणजे १७६. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच उंच टॉवर उभा केला असता, तर एका वेळी पावणेदोनशे लोकसुद्धा बोलू शकले नसते.

यावरचा तोडगा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघाला. तेथील डग्लस रिंग यांनी १९४७ साली एक टिपण लिहिले. एका मोठ्या टॉवरऐवजी अनेक लहान टॉवर उभारावेत. प्रत्येकाची हद्द लहान ठेवावी. शेजारच्या हद्दींना वेगळ्या वाहिन्या द्याव्यात आणि थोड्या अंतरावर त्याच वाहिन्या पुन्हा वापराव्यात. मधमाशांच्या पोळ्यासारखी ही रचना दिसते. म्हणून प्रत्येक हद्दीला इंग्रजीत सेल हे नाव पडले. नकाशा रंगवताना तुम्ही काय करता ते आठवा. शेजारच्या दोन तालुक्यांना एकच रंग देत नाही, पण लोह्याला दिलेला हिरवा रंग दूरच्या औशाला चालतो. रंगांच्या जागी वाहिन्या ठेवा, की झाले. २२ वाहिन्यांचे तीन-तीनचे सात गट केले, एक शिल्लक राहिली. प्रत्येक हद्दीत एकाच वेळी वीस-बावीस लोक बोलू शकले आणि हद्दी शेकडो असल्या, तर हजारो लोकांची सोय झाली. शहरात माणसे दाट, म्हणून तिथे हद्दी लहान. काहीशे मीटरच्याही असतात. उघड्या माळावर त्या कित्येक किलोमीटरच्या असतात.

या युक्तीने वाहिन्यांचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. बोलणारा माणूस एका जागी बसून राहत नाही. लोह्याच्या हद्दीतील वाहिनीवर बोलत तो पुढच्या हद्दीत गेला आणि तिथे तीच वाहिनी नाही, तर काय करायचे? आणि तो जुन्याच वाहिनीला चिकटून फार लांब गेला, तर जिथे तीच वाहिनी दुसऱ्याला दिलेली आहे तिथे जाऊन त्याच्या बोलण्यात लुडबुड करील. म्हणून बोलणे चालू असतानाच वाहिनी बदलता आली पाहिजे. ही रीत बेल प्रयोगशाळेतील एमॉस जोएल यांनी बसवली. तिचे पेटंट १९७२ साली मिळाले. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १९७३ रोजी, मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या मोबाइलवरून फोन केला. तो त्यांनी कोणाला केला असेल? बेल प्रयोगशाळेतील आपल्या प्रतिस्पर्ध्यालाच! शास्त्रज्ञांनाही अशी हौस असते.

आता पुन्हा चाचांच्या फोनकडे या. टूजी फोनला आठातली एक पाळी बोलायला आणि एक ऐकायला मिळते. उरलेल्या वेळात तो रिकामा बसत नाही. तो आजूबाजूच्या टॉवरची चाहूल घेत असतो. कोणाचा आवाज किती मोठा येतो याची नोंद करतो आणि सर्वांत जोरदार अशा सहा शेजाऱ्यांची यादी सेकंदाला साधारण दोनदा आपल्या टॉवरमार्फत नियंत्रण केंद्राला पाठवतो. निर्णय फोन घेत नाही, नियंत्रण केंद्र घेते. जुन्या टॉवरची लहर मंद होत चालली आणि नव्याची वाढली, की केंद्र आधी नव्या टॉवरवर एक वाहिनी रिकामी करून ठेवते. मग फोनला हुकूम जातो: अमुक वाहिनी, अमुक पाळी. फोन उडी मारतो. गोदावरीत दोन नावा शेजारी आल्यावर आपण एकीतून दुसरीत पाय टाकतो, तसे हे असते. क्षणभर पाय कोणत्याच नावेत नसतो. तो क्षण इतका लहान असतो, की कानाला फार तर एक टक् असा आवाज येतो.

इथे एक गंमत आहे. दोन टॉवरच्या बरोबर मध्यावर बस थांबली, तर कधी हा टॉवर किंचित जोरदार, कधी तो. प्रत्येक वेळी उडी मारायची ठरवली, तर बोलणे चेंडूसारखे इकडून तिकडे फेकले जाईल. अभियंते याला पिंगपाँग म्हणतात. ते टाळण्यासाठी नियम असा, की नवा टॉवर जुन्यापेक्षा ठरावीक प्रमाणात आणि काही काळ सलग चांगला दिसला, तरच बदल करायचा. पण फार उशीर करूनही चालत नाही. अहमदपूरच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगररांगा आहेत. अशा मुलुखात रस्ता टेकडीआड वळला, की जुन्या टॉवरची लहर एकदम गायब होते. हुकूम पोहोचण्याआधीच वाट बंद! फोन कट होतो तो बहुधा अशा वेळी.

टॉवर बदलण्याचे हे झाले. पण टॉवर तोच ठेवून फक्त वाहिनी बदलण्याचा प्रकार मला अधिक मजेदार वाटतो. फोन केंद्राला दोन गोष्टी कळवतो. एक, लहर किती जोरदार आहे. दुसरी, तिच्यातून येणारे बोलणे किती शुद्ध आहे. शुद्धतेला ० ते ७ असे गुण असतात आणि शाळेच्या अगदी उलट ० म्हणजे उत्तम, ७ म्हणजे सर्वांत वाईट. आता विचार करा. लहर मंद आणि बोलणे अशुद्ध, तर दोष अंतराचा, टॉवर बदला. पण लहर जोरदार आणि तरीही बोलणे अशुद्ध, तर? आवाज मोठा आहे आणि शब्द कळत नाहीत, याचा अर्थ दुसरे कोणी तरी त्याच वाहिनीवर मध्ये बोलत आहे. तेव्हा टॉवर बदलून उपयोग नाही. केंद्र त्याच टॉवरची दुसरी वाहिनी देते. फोनच्या पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि तरी बोलणे कळत नाही, याचे कोडे आता तुम्हाला सुटले असेल. काड्या लहरीचा जोर दाखवतात, शुद्धता दाखवत नाहीत.

काही यंत्रणांत तर बिघाडाची वाटच पाहत नाहीत. बोलणे चालू असताना वाहिनी सतत बदलत ठेवतात. सेकंदाला सुमारे २१७ वेळा! एखादी वाहिनी खराब असली, तरी तिच्यावर आपण अगदी क्षणभर असतो. त्या क्षणातला जो तुकडा हरवतो, तो पुढच्या-मागच्या तुकड्यांवरून जुळवून घेता येतो. फळ्यावर 'अह_दपूर' असे लिहिले, तर तुम्ही अहमदपूरच वाचणार, तसेच हे. आणखी एक फायदा होतो. भिंतींवरून, पत्र्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना भेटतात आणि काही जागी एकमेकींना मारून टाकतात. अशा जागेवर माणूस नेमका उभा असेल, तर त्याला ऐकू येत नाही. बसस्थानकावर लोक फोनवर बोलताना नकळत एक पाऊल मागे-पुढे करतात ते याचमुळे. वाहिनी बदलली, की ती मेलेली जागाही बदलते. पाऊल न हलवता काम होते.

अशा उड्या मारण्याच्या कल्पनेचे एक पेटंट कोणाच्या नावावर आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. हॉलिवूडची प्रसिद्ध अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, रेडिओवरून दिशा देताना शत्रूने ती वारंवारता बंद पाडू नये, म्हणून त्यांनी ही युक्ती सुचवली. पाठवणारा आणि घेणारा दोघांनी ठरलेल्या क्रमाने एकदमच वारंवारता बदलायची. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून हा क्रम त्यांनी बसवला होता आणि पियानोच्या पट्ट्या ८८ असतात, म्हणून वारंवारताही ८८. १९४२ साली त्यांना पेटंट मिळाले. अमेरिकेच्या नौदलाने तेव्हा ते वापरले नाही. आज तुमच्या भावाच्या कानातले ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारू शकते, आणि ज्या वाहिन्यांवर वाय-फायची गर्दी असते त्या वगळते.

वाहिन्या कितीही कौशल्याने वापरल्या, तरी त्या मोजक्याच. लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार असतो, लाखो माणसे येतात. एरवी तिथल्या टॉवरला जेवढे काम असते, त्याच्या किती तरी पट ओझे एकदम येऊन पडते. अशा ठिकाणी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. तरीही वाहिनी मिळाली नाही, की 'नेटवर्क व्यस्त' असे ऐकू येते. इथे यंत्रणेपुढे एक न्यायाचा प्रश्न असतो. एकच वाहिनी रिकामी आहे. नवा फोन लावणाऱ्याला ती द्यायची, की शेजारच्या हद्दीतून बोलत बोलत येणाऱ्याला? बहुतेक यंत्रणा दुसऱ्याला झुकते माप देतात आणि काही वाहिन्या त्यासाठी राखूनही ठेवतात. चालू बोलणे मध्येच तोडणे हे बोलणे सुरूच न होऊ देण्यापेक्षा वाईट, असा हिशेब त्यामागे आहे. मला तो पटतो. दवाखान्यातून डॉक्टर औषधाचे नाव सांगत असताना फोन कट झाला तर काय होईल?

संकटात हा प्रश्न जिवावरचा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हता. बाहेरच्या जगाशी संपर्क साधण्यासाठी जे लोक पुढे आले, त्यांत हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम रेडिओवाले, होते. त्यांना वाहिनी बदलून देणारे केंद्र नसते. कान लावून रिकामी जागा शोधायची, दोघांनी बोलून ती ठरवायची आणि गर्दी झाली, की सरकायचे. तातडीचा निरोप चालू असेल, तर इतरांनी गप्प राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. आज तशी वेळ आली, तर सगळेजण एकदम फोन लावतील आणि वाहिन्या भरून जातील. टूजी यंत्रणेत एसएमएस बोलण्याच्या वाहिनीची वाट पाहत नाही. तो सूचना पाठवण्याच्या बारीक वाटेने जातो. म्हणून फोन लागत नसेल, तेव्हा 'मी सुखरूप आहे' एवढा संदेश पोहोचण्याची शक्यता जास्त असते, आणि वाहिनी एखाद्या जखमीसाठी मोकळी राहते.

एक गोष्ट मात्र रागाने सांगावीशी वाटते. काही लोक रेंज येत नाही म्हणून बाजारातून बूस्टर नावाचे यंत्र आणतात आणि गच्चीवर बसवतात. परवानगीशिवाय असे यंत्र बसवणे बेकायदेशीर आहे. वारंवारतांची वाटणी केंद्र सरकार करते. त्यासाठी दिल्लीत १९५२ पासून एक खास विभाग आहे. बेकायदा बूस्टर आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतो आणि तो सरळ टॉवरच्या कानात ओततो. मग टॉवरला दूरचे मंद फोन ऐकू येत नाहीत. एका घरात काड्या भरतात आणि अख्ख्या मोहल्ल्याचे फोन कट होतात. अशा वेळी नियंत्रण केंद्र तरी काय करील? एक वाहिनी बदलून दिली, तर दुसरीवरही तोच गोंगाट!

फोरजी फोनमध्ये ही सारी व्यवस्था बदलली. तिथे शेजारचे टॉवर बहुधा एकच पट्टी वापरतात. पट्टीचे बारीक बारीक तुकडे पाडलेले असतात आणि कोणता तुकडा कोणाला द्यायचा, हे सेकंदाच्या हजाराव्या भागागणिक नव्याने ठरते. हद्दीच्या कडेला असलेल्या फोनला शेजाऱ्याचा त्रास अधिक होतो. त्याला शेजारी वापरत नसेल असा तुकडा देता येतो. पूर्वी नकाशा एकदाच रंगवून ठेवत. आता तो क्षणाक्षणाला पुसून पुन्हा रंगवतात.

मोबाइल सेवेसाठी आपल्या देशाचे २२ विभाग केलेले आहेत आणि एकाच कंपनीला वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या पट्ट्या मिळालेल्या असू शकतात. त्यामुळे विभागाच्या सीमेवर एका कंपनीची लहर पलीकडच्या दुसऱ्या कंपनीच्या लहरीत मिसळण्याचा धोका असतो. तिथे अँटेना थोडे खाली झुकवावे लागतात, जोर कमी करावा लागतो. देगलूरहून मदनूरकडे किंवा उदगीरहून बिदरकडे गेलात, तर लक्ष ठेवा. सीमेच्या अलीकडेच फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि कधी आपल्या गावात बसूनही तेलंगणात किंवा कर्नाटकात स्वागत असल्याचा संदेश येतो. चालू बोलणे या सीमेवर पुष्कळदा तुटते, कारण एका विभागाचे केंद्र दुसऱ्या विभागाच्या केंद्राकडे बोलणे सोपवतेच असे नाही. मग चाचा फोनकडे एकदा पाहतात आणि पुन्हा नंबर लावतात.